आईच्या नावाची देणगी

हर्नडन, व्हर्जिनिया
४ जानेवारी १९८८

बाबा,

हे पत्र कामाचं आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही विषय बदलता आणि मग मी रिसीव्हर ठेवून देते. लेखी बरं.

मी कुठे काम करते हे उल्हासकाकांनी तुम्हाला सांगितलं असेलच. तरी सांगते. आमची कंपनी लहान आहे. निवडणुकीच्या प्रचाराचं कॉम्प्युटरवरचं काम करते. सध्या राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचं काम आहे. लोक चेक पाठवतात, आम्ही नावं-पत्ते चढवतो, प्रत्येक चेकची झेरॉक्स लावतो आणि तो गठ्ठा वॉशिंग्टनला निवडणूक आयोगाकडे जातो. प्रायमरीच्या काळात, म्हणजे पक्ष आपला उमेदवार निवडतो तेव्हा, एका माणसाने दिलेल्या पहिल्या अडीचशे डॉलरना सरकार तेवढीच जोड घालतं. ही जोड टॅक्सच्या फॉर्मवरच्या त्या चौकोनातून येते, ज्यात खूण केली की एक डॉलर प्रचारनिधीत जातो. आई दर एप्रिलला ती खूण करायची आणि तुम्ही म्हणायचात, पुढाऱ्यांना कशाला? ती म्हणायची, अहो, आपला टॅक्स त्याने एक सेंटही वाढत नाही, वाचा तरी. तोच निधी.

नाताळच्या आधी शिकागोच्या गठ्ठ्यातला एक चेक बाजूला काढला गेला. खात्यावर दोन नावं छापलेली, दिगंबर आणि मालिनी खांबेटे. सही मालिनी खांबेटे. रक्कम अडीचशे. तारीख ऑक्टोबरची.

जोडखात्याचा चेक असला की आम्ही देणगीदाराला एक कार्ड पाठवतो. 'ही देणगी मी माझ्या पैशातून, माझ्या इच्छेने दिली आहे.' खाली सही. तेही सही होऊन परत आलं आहे. दोन सह्या जुळत नाहीत, असा शेरा तपासणाऱ्या बाईंनी मारला.

चेकवरची सही चांगली जमली आहे. आईपेक्षा सुबक आहे. आई भाजी निवडता निवडता, पदराला हात पुसून सही करायची आणि तिचं शेवटचं अक्षर कागदाच्या कडेकडे घसरायचं. हे घसरलेलं नाही. कार्डावर मात्र तुमच्या हातची सही मधेच तुटली आहे. 'माझ्या इच्छेने' या शब्दांच्या बरोबर खाली.

माझी सुपरवायझर डॉटी चेक घेऊन माझ्या टेबलाशी आली. "खांबेटे? नात्यातले?"

"माझी आई," मी म्हटलं.

"मग प्रश्नच मिटला, हनी. मॉमला फोन कर आणि नवीन कार्ड मागवून घे."

मी "बरं" म्हटलं. त्यापुढचं वाक्य म्हणायला हवं होतं. ते म्हटलं असतं तर चेक तिथूनच वकिलाच्या टेबलावर गेला असता, म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे.

मला एक कागद हवा. तुमच्या सहीचा, इंग्रजीत. मालिनी खांबेटे अमुक तारखेला मरण पावल्या. चेकवरची आणि कार्डावरची सही मी केली. पैसे माझे होते. एवढंच. मग पैसे तुम्हाला परत येतील आणि नाव निघेल. तुम्ही होऊन सांगितलंत तर आमचे वकील चूक दुरुस्त झाली असं धरतील. नाव तसंच आयोगाकडे गेलं, तर दुसऱ्याच्या नावाने देणगी आणि खोटी सही, दोन्ही गोष्टी केंद्र सरकारसमोर मांडल्यासारख्या होतील. मग तुमचं हॉस्पिटल, तुमचं लायसन्स, सगळं त्यात येईल. पुढचा गठ्ठा जानेवारी संपताना जाणार आहे.

कांचन


हर्नडन
१४ जानेवारी १९८८

बाबा,

पत्र मिळालं. तीन पानं. वर्षभरानंतरचं तुमचं पहिलं पत्र, म्हणून दोनदा वाचलं. बर्फ साफ करणारा माणूस आता जास्त पैसे मागतो. फर्नेस आवाज करते. डेव्हनवरच्या देशी दुकानांत या दिवसांतसुद्धा मेथी मिळते. मी पत्राची सुरुवात 'तीर्थरूप' अशी केली नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं. मी मागितलेला कागद त्यात नव्हता.

उल्हासकाकांचाही फोन आला. तुम्हीच करायला लावलात का?

"अगं कांचन, दिगंबर काय चोर आहे का? गणपतीला नाही का आपण वर्गणी देत, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ? तसंच समज की."

"काका, गणपती ऑडिट करत नाही."

"हं. आता अगदी तुझ्या आईसारखी बोललीस," म्हणाले. मग त्यांनी त्यांच्या घरच्या त्या दिवसाचं सगळं सांगितलं. आरतीनंतर फिरवतो तशी वर्गणी फिरवली म्हणाले. सगळे डॉक्टर जमलेले, उमेदवाराचा माणूस भाषण करून गेलेला, आणि काका पाकीट घेऊन उभे. "वहिनींच्या नावाचा वेगळा चेक फाडा रे! एका घरातून दोन नावं, म्हणजे सरकारची जोडही डबल!" मग प्रत्येकाने स्वयंपाकघरातून बायकोला हाक मारली. चंद्रशेखरकाका ओरडले, "प्रतिमा, ये गं, सही कर." "कशावर?" "कर तर!" "हो, घर विकलंत तरी असंच म्हणाल, कर तर!" सगळे हसले.

तुम्ही टेबलाच्या टोकाला बसला होतात. स्वतःचा चेक लिहिलात. मग दुसरा फाडलात. स्वयंपाकघराकडे बघितलंत, म्हणे. मग हळूहळू सही केलीत. काकांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी काय म्हणणार होतो, कांचन? सगळ्यांसमोर त्याला सांगू, की बाबा रे, तुझी बायको गेली?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देते. तुमच्यापैकी कुणालाही ते वाक्य म्हणता येत नाही. मला सुद्धा तुम्ही ते म्हटलं नाहीत. माझी फायनल चालू होती, म्हणून आईला हॉस्पिटलात नेल्याचं सांगितलं नाहीत. मी दर रविवारी फोन करायचे आणि तुम्ही सांगायचात, ती झोपली आहे. शेवटचा पेपर देऊन मी कॉलेजच्या खोलीवर आले, तर फोनवर उल्हासकाका होते, आणि तेही म्हणाले, "तू निघून ये." का ते म्हणाले नाहीत. विमानतळावर न्यायला आलेल्या माणसांचे चेहरे बघून मला कळलं.

तुम्ही लिहिलं आहे की आईला हा उमेदवार आवडायचा, ती असती तर तिने दिलेच असते, आणि मेलेल्या माणसाची इच्छा ही इच्छाच असते. तुम्ही डॉक्टर आहात. मी नियम सांगते. सरकार जोड घालतं ते अशासाठी, की ज्याच्याकडे हजारो डॉलर नाहीत अशा माणसाचंही वजन पडावं. कुणी आयोवातला शेतकरी किंवा ओहायोतली नर्स फॉर्मवर खूण करते. तो डॉलर एका जिवंत माणसाच्या मागे उभा राहतो. तुमच्यामुळे तो आईच्या मागे उभा राहणार होता. त्या नर्सला कुणी विचारलं नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट लिहिलीत. ती लिहिली नसतीत तर बरं झालं असतं.

तुम्ही लिहिलं की आई गेल्यावर तुम्ही सगळ्यांना शिस्तीत कळवलंत, लायब्ररी, मासिकं, दुकानं, आणि वसंत ऋतू येईपर्यंत तिच्या नावाचं टपाल बंद झालं. ऑक्टोबरात तो चेक दिल्यावर पत्रं पुन्हा यायला लागली. 'प्रिय मालिनी, तुमच्यासारख्या माणसांमुळे मी रोज सकाळी उठतो.' 'प्रिय मालिनी, आयोवातून लिहितो आहे.' लग्नानंतर तिला मालिनी म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं, तुम्ही तर आयुष्यभर 'अगं' म्हणालात. तुम्ही ती पत्रं स्वयंपाकघरात मोठ्याने वाचता. पत्रं थांबू नयेत म्हणून डिसेंबरात पुन्हा पंचवीस डॉलर पाठवलेत.

बाबा, ती पत्रं उमेदवार लिहीत नाही. तो प्रोग्रॅम माझा आहे. पहिल्या नावाने हाक मारायची, आडनाव घ्यायचं नाही, हा नियम मीच त्यात बसवला, कारण तसं केलं की लोक परत देतात. नावं मशीन भरतं, मी बघत नाही. सगळ्या शरद ऋतूत मी तिला पत्रं लिहीत होते आणि तुम्ही तिला ती वाचून दाखवत होतात.

कागद पाठवा. लवकर.

कांचन


हर्नडन
२१ जानेवारी १९८८

बाबा,

थोडक्यात लिहिते. ऑफिसातूनच.

डॉटीने मधे विचारलं, मॉम भेटली का? मी म्हटलं, ती प्रवासात आहे. "इंडिया?" मी मान हलवली. हो की नाही, ते तिने ठरवलं. डॉटी या कामात फार जुनी आहे आणि वाट बघणं तिला जमत नाही. आज तिने स्वतःच शिकागोला फोन लावला. मग येऊन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसली.

"तुझे डॅड काय गोड आहेत गं! माझ्या गुडघ्याला काय लावायचं तेही सांगितलं. म्हणाले, मालिनी झोपली आहे, आत्ता उठवत नाही."

मी स्क्रीनवरची यादी पुढे सरकवली.

"तू म्हणतेस प्रवासात आहे. ते म्हणतात झोपली आहे. सकाळी अकराला. नक्की काय, कांचन?"

'झोपली आहे.' बाबा, अगदी तोच आवाज काढला असेल तुम्ही. हलका, थोडा दबका, जणू शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलेल. त्या आवाजावर मी तेव्हा प्रत्येक रविवारी विश्वास ठेवला आणि अभ्यासाला बसले. आज ते शब्द डॉटीच्या तोंडून ऐकताना क्षणभर वाटलं, असेलही. शिकागोच्या घरी, खिडकीकडच्या बाजूला, शाल पायांवर घेऊन. मी खरंच घड्याळात बघून हिशेब केला की शिकागोत किती वाजले असतील. एवढं तुमच्या आवाजाला अजून जमतं.

डॉटीला मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत थांब. पुढच्या शुक्रवारी तुला कागद मिळेल."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर मी स्वतः वकिलाकडे जाईन."

ती टेबलावरून उठली. मग म्हणाली, "ओके." पुढे काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं आहे.

मी तसं करणार आहे, बाबा. तुमच्याविरुद्ध मीच सांगेन. तुम्ही एका ओळीत ते टाळू शकता. ती ओळ लिहायला तुम्हाला किती अवघड आहे हे मला आता कळलं. तरी लिहा.

कांचन


हर्नडन
२९ जानेवारी १९८८

बाबा,

एक्सप्रेस पाकीट आज सकाळी ऑफिसच्या पत्त्यावर आलं. डॉटीच्या समोरच उघडलं. तसं ठरलं होतं.

मी तीन वाक्यं मागितली होती. ती वर आहेत, टाइप केलेली, नोटरीच्या शिक्क्यासकट. 'माझी पत्नी मालिनी ११ डिसेंबर १९८६ रोजी मरण पावली.' इंग्रजी शब्द हवा तोच आहे. 'गेली' नाही, 'निवर्तली' नाही, 'वारली' नाही. मरण पावली.

त्याखाली तुम्ही हाताने लिहिलं आहे, डॉक्टरी अक्षरात, इंग्रजीतच. मला ते वाचायला वेळ लागला नाही, डॉटीला लागला. ती मोठ्याने, अडखळत वाचत गेली. 'त्या दिवशी सकाळी मालिनीने डोळे उघडले. विचारलं, कांचनचा पेपर कसा गेला. मी म्हटलं, छान गेला. ती म्हणाली, मग तिला आता बोलवा. मी म्हटलं, अजून एक पेपर आहे. त्यावर तिने, बरं, असं म्हटलं. ते तिचं शेवटचं बोलणं. तिने माझं ऐकलं. त्यानंतर मी तिच्या वतीने बोलत आलो आहे, आणि हे मी थांबवत आहे.'

डॉटीने चष्मा काढला.

"हे खालचं आपल्याला लागत नाही," ती म्हणाली. "वरचं पुरेसं आहे. झेरॉक्स करताना खालचा भाग झाकू का?"

"नको. कागद पूर्ण ठेव."

"ऑडिटला आले तर सरकारी माणसं वाचतील, हनी."

"वाचू दे."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली. "तीस वर्षं हे काम करते आहे. मेलेली माणसं खूपदा देणगी देतात. पण त्यांच्या मुली पलीकडच्या टेबलावर कधी नसतात." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.  

दुपारी गठ्ठा गेला. त्यात आईचं नाव नाही. तुमचा स्वतःचा चेक आहे, त्याला जोड मिळेल. अडीचशे आणि पंचवीस तुम्हाला परत येतील. वकील म्हणाले की त्यांच्याकडून विषय संपला.

फाइलमधलं नाव काढायचं काम डॉटी दुसऱ्या कुणाला देत होती. मी म्हटलं, मी करते. नावापुढे एक अक्षर घातलं की मशीन रात्री ती ओळ गाळतं. ते अक्षर घालून मी बसून राहिले. डॉटीने दिवे घालवायला सुरुवात केली, तेव्हा एंटर दाबलं.

आता त्या पत्त्यावर तिच्या नावाची पत्रं आमच्याकडून जाणार नाहीत. मुद्दाम सांगते, म्हणजे तुम्ही पेटी उघडून बघत बसणार नाही.

शेवटचा पेपर चांगला गेला नव्हता. हे तुम्ही कधी विचारलं नाही.

कांचन


हर्नडन
११ एप्रिल १९८८

बाबा,

तुमच्या वर्तमानपत्रात आलंच असेल, आमचे उमेदवार मार्चमध्ये बाहेर पडले. आता ऑफिसात फक्त हिशेब मिटवणं चालू आहे. कुणी हरलं म्हणून मला वाईट वाटण्याचं कारण नाही, तरी गुरुवारी त्यांच्या पोस्टरवर कुणी कॉफीचा कप ठेवला तो मी उचलला.

एक गोष्ट मी तुम्हाला जानेवारीत सांगितली नव्हती, कारण तेव्हा ती माझ्या लक्षात आली नाही. अशा याद्या एकाच ठिकाणी राहत नाहीत. प्रचारवाले आपली नावं दुसऱ्यांना भाड्याने देतात, ते तिसऱ्यांना. आमच्या फाइलमधून आई निघाली, पण त्याआधी नोव्हेंबरातच ती पुढे गेली होती. नद्या वाचवणारी एक संस्था, सिनेटचा एक उमेदवार, अणुचाचण्यांविरुद्धचे लोक. त्यांच्यापैकी कुणालाही मी थांबवू शकत नाही.

त्यामुळे तुमच्याकडे पत्रं येत राहिली असणार. आणि तुम्ही मला ते कळवलं नाहीत.

कळवलं नाहीत, पण गेल्या सोमवारी माझ्या पेटीत एक पाकीट आलं. शिकागोच्या पत्त्यावर पोस्टाने पिवळी पट्टी चिकटवलेली. पट्टीवर आईचं नाव आणि माझा पत्ता. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मी पोस्टात जाऊन विचारलं. मालिनी खांबेटे यांनी कायमचा पत्ता बदलल्याचं कार्ड भरलं आहे, असं खिडकीतल्या माणसाने सांगितलं. मी विचारलं, सही कुणाची? तो म्हणाला, कुटुंबातल्या माणसाची, डी. खांबेटे. म्हणजे या वेळी तुम्ही तुमची स्वतःची सही केलीत.

मी रागावायला हवं होतं. 'मी थांबवत आहे' असं लिहून, नोटरीसमोर शपथ घेऊन तुम्ही तिला माझ्याकडे पाठवून दिलंत. त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाहीत. स्वस्त टपाल पोस्ट पुढे पाठवत नाही, पूर्ण तिकीट लावलेलंच पाठवतं, म्हणून ज्यांना ती खरंच हवी आहे त्यांचीच पत्रं इथे पोचतात. मी ती उघडते. 'प्रिय मालिनी.' दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम, पण नियम तोच. मी मोठ्याने वाचत नाही. पण वाचून झाल्यावर पाकीट लगेच टाकवतही नाही, टेबलावर राहतं, आणि जेवताना समोर कुणी बसलं आहे असं वाटतं. ती बोलत नाही. ती नुसती, बरं, म्हणाल्यासारखी बसते.

परवा पोस्टमनबाई पेट्यांशी भेटल्या. इथे नेहमी याच असतात, मोठ्या आवाजाच्या.

"के. खांबेटे तर तुम्ही. मालिनी कोण?"

"माझी आई."

"अच्छा! मग पेटीवर नाव लावा ना त्यांचं. नाव नसलं की बदलीवरचा माणूस सगळं परत पाठवतो, मग माझ्या नावाने ओरडू नका." त्यांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. "इथेच राहायला आल्या का त्या?"

मी डॉटीला दिलं तसं मान हलवून उत्तर देऊ शकले असते. तुमच्यासारखं, झोपली आहे, म्हणता आलं असतं. खरं सांगायलाही हरकत नव्हती, ते माझ्याकडे आता नोटरीच्या शिक्क्यासकट आहे.

"हो," मी म्हटलं. "जानेवारीत आली." तुमच्या त्या एक्सप्रेस पाकिटाबरोबर.

पेटीवर आता दोन नावं आहेत. पुढचं पत्र लिहाल तेव्हा पाकिटावर कुणाचं नाव घालायचं ते तुम्ही ठरवा. दोघींपैकी कुणाचंही घातलंत तरी ते मला मिळेल.

कांचन